आईच्या आवाजाची ब्रँच

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबा आता भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात.

आपला ‘वाचक’ चालू आहे. बाबांची दृष्टी गेली म्हणून आपण दोघांनी लिहिलेला, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा तो प्रोग्राम आता कुठले कुठले लोक फुकट वापरतात, सुधारूनही पाठवतात. परवा एका शिक्षिकेने आकडे वाचण्यातली चूक दुरुस्त केली. चूक अर्थात माझीच होती.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटचा तू हट्ट धरलास तेव्हा मी हसलो होतो. सगळं माझ्या मशीनवर असताना प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत कशाला, म्हणालो. नवं काम वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या स्वतंत्र फांदीवर करायचं आणि दुसऱ्याने वाचल्यावरच मुख्य कोडमध्ये घ्यायचं, हा तुझा नियम. मी मात्र थेट मुख्य कोडमध्येच लिहीत राहिलो. तू टोकलंस, तेव्हा ‘माझं काम तपासणारा तू कोण?’ असं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. तू निघून गेलास.

आई गेली तेव्हा आलास, पण आपण दोघंही बाबांशीच बोललो.

गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले, “हा मशीनचा आवाज नको रे. धाकट्याने तिच्याकडून शब्द वाचून घेतले होते ना, ते लाव.” मी म्हटलं, शोधतो.

शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. तू गेलास त्याच दिवशी मी तुझी अर्धवट ब्रँच पुसली. परत मिळू नये म्हणून वर साफसफाईही केली. तिच्यात आईच्या आवाजातले नऊशे शब्द आहेत हे मला ठाऊक होतं. पण आई तेव्हा शेजारच्या खोलीत बसली होती. पुन्हा वाचून घेऊ, असं वाटलं.

बाबांना हे सांगायची छाती होत नाही.

तुझ्या जुन्या लॅपटॉपवर तुझी प्रत असेल. नसेल तर तसंही कळव. असेल तर ब्रँच पाठव, मी ओळ न् ओळ वाचेन. आई गेल्यापासून मुख्य कोडला माझ्यापुरतं कुलूप लावलंय. तू वाचल्याशिवाय माझं काही आत जात नाही. माझे एकवीस बदल पडून आहेत. लोक विचारतात, घोडं अडलंय कुठे.

बाबा रोज विचारायचे, सापडलं का. आज विचारलं नाही. ‘वाचक’ बंद करून नुसते बसलेत.

तुझ्या मंजुरीसाठी थांबलेला,
दादा