माझ्या सहीचा रिपोर्ट

प्रिय दादा,

नऊ वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. बेकरीच्या दारात आले तर आतून निरोप आला, भट्टीवर आहे, वेळ नाही. म्हणून लिहिते आहे. कागद तरी तुला मध्येच कापता येणार नाही.

तुझ्या चिमीचा ताप उतरलेला नाही. आज वॉर्डातला बाविसावा दिवस. सकाळी जरा कमी असतो, दुपारी पुन्हा चढतो. मानेजवळची गाठ तशीच आहे. पाच वर्षांची पोर, पण औषध घेताना आता रडतसुद्धा नाही. नुसतं तोंड उघडते. पूर्वी कडू औषध पाजायला दोन माणसं लागायची, एक पाय धरायला आणि एक शिव्या खायला. तिचं हे शहाणपण मला बघवत नाही.

मोठ्या डॉक्टरबाईंनी काल मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, पोटातून नमुना घेतला तरी त्यात जंतू फारसे सापडत नाहीत. त्यामुळे कोणत्या गोळ्या लागू पडतील ते तिच्या नमुन्यावरून कळत नाही. ज्या मोठ्या माणसाकडून तिला क्षय झाला त्याचे जंतू मिळाले, तर त्यावर तपासून औषध ठरवता येईल. आत्ता आम्ही अंदाजाने चाललो आहोत, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, घरात कोण खोकतं?

मी काय सांगितलं असेल? सांगितलं, माझा भाऊ खोकायचा, पण त्याची थुंकी इथल्या लॅबमध्ये मीच तपासली, स्वच्छ होती. अगदी ठामपणे सांगितलं. ही कालची गोष्ट.

आज सकाळी तुमच्या बेकरीतला जाड्या लॅबमध्ये आला. त्यालाही म्हणे मालकाने रिपोर्ट आणायला सांगितलंय. मी त्याच्या हातात डबी दिली आणि मागच्या पत्र्याखाली जाऊन खोलवर खोकायला सांगितलं, तर हा हसायलाच लागला. "ताई, माझी थुंकी तुमच्याकडे आधीच येऊन गेलीय की. पास पण झाली. तुमच्या भावाच्या नावावर!" त्याला वाटलं मला माहीत असेल, बहीणभावांनी मिळूनच केलं असेल. वर म्हणाला, "विडी ओढून ओढून एवढा माल जमवला, कोणाच्या तरी कामी आला." त्याला चिमीचं काही माहीत नव्हतं. सांगितलं तेव्हा तो डबी तशीच ठेवून बाहेर जाऊन बसला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने मित्रावर उपकार केला असं त्याला वाटत होतं.

राग तुझ्यावर आहे. आणि माझ्यावर आहे.

आमच्याकडे नियम आहे. पहिला नमुना पेशंटने आमच्या समोर द्यायचा. आम्ही वाऱ्याच्या उलट्या बाजूला चार पावलं लांब उभं राहायचं, पण नजर हटवायची नाही. दुसरा नमुना तेवढा सकाळी उठल्या उठल्या घरी काढायचा. तू आलास तेव्हा दारातच घुटमळलास. "बुटके, तिथे उभं राहून खोकलो तर अख्खी रांग बघेल. दोन्ही डब्या घरूनच आणतो ना." आणि मी तुझ्या हातात दोन्ही डब्या ठेवल्या. रोज चाळीस माणसांना मी त्या पत्र्याखाली उभं करते. म्हाताऱ्यांना, नव्या नवरीला, एकदा तर एका पोलिसाला. फक्त तुला केलं नाही, कारण तू माझा दादा होतास.

दुसऱ्या दिवशी नमुना बघून मला बरंच वाटलं होतं. नुसती लाळ नव्हती, चांगला घट्ट नमुना होता. काच रंगवली, वाळवली, सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. तुझी काच म्हणून नियमापेक्षा दुप्पट वेळ बघत बसले. निळ्या रंगात कुठे जंतूची एखादी लाल काडी दिसते का म्हणून डोळे दुखेपर्यंत शोधलं. नाही सापडली. जंतू आढळले नाहीत असं लिहून सही केली आणि वेड्यासारखी एकटीच हसले. जाड्याची थुंकी बघून मी हसत होते, दादा!

तुला समजत नव्हतं असं तरी म्हणू नकोस. नोकरीला लागले त्या आठवड्यात मी तुला तिथे बसवून त्या लाल काड्या दाखवल्या होत्या. तू एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "एवढ्याशा ह्या? आणि एवढ्या मोठ्या माणसाला आडवं करतात?" नंतर बेकरीत सगळ्यांना सांगत सुटलास की आमची बुटकी जंतू पकडते. तू नववीत शाळा सोडून पीठ मळायला गेलास म्हणून मी पदवीपर्यंत पोचले. ते तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस, त्यासाठी मी तुला देव मानत आले. म्हणूनच आज एवढी चीड येते. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

मालक काढून टाकेल ही तुझी भीती मला कळते. खोकणारा माणूस पावाच्या कणकेजवळ नको, असं तो सगळ्यांसमोर बोलला होता. पण मला एकदा सांगायचंस ना! गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माणूस सहसा दुसऱ्याला आजार देत नाही. मी मालकाकडे गेले असते, डॉक्टरबाईंना घेऊन गेले असते, भांडले असते. भांडायला मला कधी लाज वाटली आहे? तू ते काही केलं नाहीस. पिठाची धूळ जाते छातीत, असं म्हणत सात महिने खोकत राहिलास, आणि रोज संध्याकाळी चिमीला छातीवर घेऊन झोपवत राहिलास.

एवढ्यावर थांबला असतास तर मी याला घाबरटपणा म्हटलं असतं. पण चिमीला वॉर्डात ठेवलं त्या दिवशी तू घरात सगळ्यांसमोर माझा रिपोर्ट काढलास. "ही बघा माझ्या बहिणीची सही. शिकलेली आहे ती. मी स्वच्छ आहे. हे दुखणं माझ्या बायकोच्या माहेरून आलंय, म्हातारा आठ दिवस राहून खोकून गेला." आणि मी तिथेच उभी होते, मान हलवत. वहिनीच्या वडिलांना दमा आहे. दोनदा तपासले, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तरी आई म्हणाली, काच बघणाऱ्याची चूक झाली असेल. तुझ्या काचेबद्दल मात्र कोणाला तसं वाटलं नाही. आईने वहिनीचा कप वेगळा काढला. तिचे वडील नातीला बघायला येतात तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहतात आणि बिस्किटाचा पुडा रखवालदाराच्या हाती देऊन परत जातात.

मी दुपारी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. तुझा रिपोर्ट रद्द केला आणि तो का रद्द केला ते माझ्या हाताने लिहून दिलं: पहिला नमुना समोर घेतला नाही, चूक माझी. नोकरीचं काय होईल ते कळेल. उद्या सकाळी आठला मी पत्र्याखाली उभी असेन. तुझा नमुना मला हवा आहे, तुझाच. माफी वगैरे नंतर बघू. चिमीला कोणती गोळी द्यायची ते तुझ्या छातीत लिहिलेलं आहे, आणि तुझ्यावरही त्याच गोळ्यांनी उपचार होतील. तू मरावंस असं मला वाटत नाही, एवढं या रागातही समजून घे.

खरं तर हे तुला तोंडावरच सांगायचं म्हणून मी पुन्हा बेकरीकडे निघाले होते. पण वॉर्डाच्या जिन्यात वहिनी बसलेली दिसली. चिमीला भरवून आली होती. मला म्हणाली, "ताई, मी तोंड फिरवूनच भरवते हं तिला. पापा पण घेत नाही. माझ्याकडूनच गेलं असेल तर अजून नको जायला." स्वतःची तपासणी स्वच्छ आली तरी तिचा तुझ्यावर, माझ्या सहीवर विश्वास होता. बावीस दिवस तिने पोरीचा पापा घेतलेला नाही. तेव्हा मी तिथेच तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि लिहायला घेतलं. एकेक पान लिहून झालं की तिच्या हातात देत गेले. हे शेवटचं पानही ती आधी वाचेल, मग चिमीजवळ जाऊन येईल, आणि मग तुझ्याकडे येईल. वाचून झालं की मान वर कर. तीच समोर उभी आहे.

अजूनही तुझीच,
बुटकी