दहा नंबरचा पलंग

२ मे २००३
आजपासून मी पंचवटीतल्या लॉजचा मॅनेजर! सटाण्याला कांद्याच्या आडतीवर गोण्या उचलणारा धनराज आता खुर्चीत बसून लोकांना खोल्या देणार. मालक मोतीरामशेठ बोलायला रांगडे, पण मनाने दिलदार वाटले. राहायला जागा मागितली तर म्हणाले, दहा नंबरची खोली घे. तिथे ढेकूण आहेत, गिऱ्हाईक टिकत नाही. ढेकूण काढ आणि खुशाल बायको-पोरीला आण.

सिंहस्थ तोंडावर आलाय. भाड्याने खोली विचारली की लोक तोंडाकडे बघून हसतात. ज्योत्स्ना आणि सायली कधीपासून माझ्या भावाकडे दिवस काढताहेत, आणि भावजय पोरीच्या दुधातसुद्धा पाणी घालते. तेव्हा ढेकूण तर ढेकूण, काढू.

खोली बघून खूश झालो. सागवानी पलंग, जाड गादी, उशी, पांढरी चादर. खुंटीला काळी छत्री, कोपऱ्यात काठी, पलंगाखाली कोऱ्या करकरीत वहाणा, उशाशी तांब्याभांडं. गिऱ्हाइकाची एवढी बडदास्त मी कुठल्या लॉजमध्ये पाहिली नाही. आयत्या बिळात नागोबा व्हायला मी मोकळा!

४ मे
जेवण उरकून तपासणीला लागलो. गादी उभी केली, शिवणी बोटांनी चाचपल्या, पलंगाच्या सांध्यांत टॉर्च मारला, फटींतून पत्त्याचं पान फिरवलं. भिंतीवरची तसबीर काढली, स्विचबोर्ड उघडला. ढेकूण नाही, अंडी नाहीत, तो उग्र वासही नाही. खोल्या झाडणारी भागीबाई पेठकडची. ती दारातूनच म्हणाली, "दिसत नाय सायेब, पन चावतं. गिऱ्हाईक उठून पळतं."

खात्री करायला तिथेच आडवा झालो. डोळा लागला. उठलो तर डाव्या कुशीवर लाल गांधी, सगळ्या जोडीजोडीने. चादरीवर रक्ताचे ठिपके. पुन्हा सगळं उचकलं. काही नाही.

७ मे
उकळतं पाणी ओतून झालं. रॉकेल झालं. मेव्हण्याकडून द्राक्षावर फवारायचा पंप आणला, तर ढेकणांऐवजी मीच खोकून बेजार. शेवटी गादी दिवसभर गच्चीवर टाकली. नाशिकचं मे महिन्यातलं ऊन, पाय ठरत नव्हता, आणि गादीच्या मधोमध हात ठेवला तर गार! माणूस निजल्यासारखा खळगाही पडलाय तिथे. बडवून बडवून सपाट केला. खाली आणेपर्यंत पुन्हा होता तसा. वैताग आलाय नुसता.

ज्योत्स्नाचा फोन आला. भावजयीशी जोरात वाजलं. रविवारी सायलीला घेऊन निघते म्हणाली, आता काहीही झालं तरी.

८ मे
पलंगाखालच्या वहाणांचे तळ झिजलेत. ओला चिखल लागलाय. भागीबाईवर ओरडलो. तिला फार लागलं. "कुनाच्या वाना मी कशाला घालू? गरीब हाय, चोर नाय." तेव्हापासून ती दहा नंबरात पाऊल टाकत नाही. माझ्या नशिबात एक काम धड होईल तर शपथ.

९ मे
शेठना जाब विचारला, तर हसतच सुटले. पलंग शय्यादानाचा आहे म्हणे! कुणाच्या तरी तेराव्याला मुलांनी गंगेवर, म्हणजे इथे गोदाघाटावर, दान दिलेला. गादी, छत्री, काठी, वहाणा, तांब्याभांडं, सगळा सरंजाम यांनी कुणाकडून तरी उचलला आणि जसाच्या तसा खोलीत मांडला. मेलेल्याला तिकडे निजायला जागा मिळावी म्हणून देतात ते दान, आणि या गृहस्थाने त्यावर गिऱ्हाइकं निजवली! मी तडकलो. ते म्हणाले, सागवान बघ आधी, शोधून मिळायचं नाही.

१० मे
सगळं जाळलं. मागच्या अंगणात, रॉकेल ओतून. गादी, उशी, छत्री, काठी, वहाणा. पलंग फोडून घातला. शेठ बोंबलत होते, बोंबलू देत. आठवडाभर रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं. गादी पेटता पेटेना. पेटली तेव्हाही तो खळगा शेवटपर्यंत तसाच.

आता खोली आमची.

११ मे
दोघी आल्या. ज्योत्स्नाने नवी गादी आणलीय, समोर बसून पिंजून घेतलेल्या कापसाची. जमिनीवर अंथरली. सायलीने आधी उड्या मारल्या, मग तिथेच झोपली. उठली ती रडत. डाव्या कुशीवर, जोडीजोडीने—

ज्योत्स्नाने विचारलं, ढेकूण काढले म्हणाला होतात ना. काय सांगू?

१२ मे
गांधी नाहीत त्या. नखं आहेत. दोन बोटांची.

कुणी चावत नव्हतं. चिमटे काढत होता. ऊठ म्हणून. माझ्या जागेवरून ऊठ. आणि त्याची जागा मी जाळली. मग आता त्याने निजायचं कुठे—

नव्या गादीत खळगा आहे. गार.

शेठकडे दुसरी खोली मागितली. सगळ्या भरल्यात म्हणाले. ज्योत्स्नाला परत सटाण्याला जा म्हटलं. मरेन, पण त्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाली. मला भीती वाटते. कुणाला सांगू—

१३ मे
सायलीला आज एकही चिमटा नाही. ज्योत्स्ना खूश. मी सायलीला हळूच विचारलं. ती म्हणाली, मी सरकून जागा दिली ना, आता ते चिमटत नाहीत. जवळ घेतात.

दुपार. दारात बसून लिहितोय. जेवून दोघी झोपल्यात. संध्याकाळच्या गाडीने निघायचं, कुठेही, ज्योत्स्ना नको म्हणाली तरी—

खुंटीला छत्री आहे.

मी जाळली होती. माझ्या हाताने—

खाली वहाणा. आणि त्यांच्या शेजारी सायलीच्या चपला, नीट जोडून. ती कधीच नीट ठेवत नाही, कितीदा ओरडलोय तिला—

ज्योत्स्ना उठली. सायलीला हलवतेय. म्हणतेय, अहो, हिचं अंग एवढं गार का—