व्याही आले आणि व्होल्टेज चढलं

वडीलधाऱ्या ऑर्मोनमामांस, भाचा जुमाकादिरचा दोन्ही हात छातीवर ठेवून सलाम. तुमचे गुडघे, मामींचा खोकला आणि तुमची ती चावरी घोडी, सगळे सुखरूप असतील अशी आशा आहे. आम्ही मजेत. थंडी इतकी आहे की दारातला कुत्रासुद्धा भुंकायचं झालं तर आधी गोठ्यात जातो. आमच्या बुरुलचं लग्न ठरल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. ते कसं ठरलं हे मात्र लोकांकडून ऐकू नका, कारण आमच्या गल्लीतल्या लोकांना विजेतलं ओ की ठो कळत नाही.

मुलाकडचे बुरुलला कर्णफुलं घालायला येणार असा निरोप आला आणि झूराकान (तुमची भाचेसून, दुसरं कोण) पाहुण्यांच्या खोलीत डोकावून रडवेली होऊन परत आली. त्या खोलीत चूल नाही. एक विजेचा हीटर आहे, तो नुसता तांबूस होतो, तापत नाही. होणाऱ्या विहीणबाई, तुर्सुनायबाई, फार कडक असं ऐकून होतो. "इथं बसल्या तर कर्णफुलं पिशवीतून काढायच्या आधीच उठतील," झूराकान म्हणाली. "आणि पोरीला तो मुलगा मनापासून आवडलाय हो. फिजिक्सचे मास्तर ना तुम्ही? मग करा की काहीतरी!"

दुसरा बाप असता तर हातपाय गाळून बसला असता. मी मीटर काढला. हीटरवर लिहिलंय, २२० व्होल्टला १० अँपिअर. व्होल्टेजला करंटने भागा, रोध आला २२ ओहम. दोघांचा गुणाकार करा, पॉवर आली २२०० वॅट. पण हिवाळ्यात संध्याकाळी अख्खी गल्ली हीटर लावते आणि आमच्या वाट्याला उरतात १५४ व्होल्ट. २२ ओहममधून मग सातच अँपिअर जातात. सात गुणिले १५४, म्हणजे जेमतेम हजार वॅट. त्यात पाहुणे कसले तापणार! उपाय सातवीतल्या पोरालाही सुचावा असा होता. मी कॉइल अर्धी कापली. रोध ११ ओहम, करंट १४ अँपिअर, पॉवर पुन्हा २१५६ वॅट! खोली अशी उबली की झूराकान माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकाने बघायला लागली. बुरुल तेवढी म्हणाली, "बाबा, व्होल्टेज वाढलं तर?" मी म्हटलं, "आपल्या गल्लीत? मार्चच्या आधी?" (फ्यूजचं विचारू नका. त्याच्या जागी मी जे बसवलंय, ते कधीही बसवू नका असं वर्गात बजावत असतो.)

पाहुणे आले. व्याही चोरोबेक डोक्यावर पांढरा काल्पाक घालून मानाच्या जागी बसले, तुर्सुनायबाई अंगातला कोट न काढता त्यांच्या शेजारी. बुरुल रीतीप्रमाणे मान खाली घालून पडद्याआड, गप्प. समोर अंथरलेल्या दस्तरखानावर तळलेले बोरसोक, लोणी, चहा. आणि मग शेजारपाजार व्याह्यांना सलाम करायला येऊ लागला, कारण आपल्याकडे एकाचे व्याही ते साऱ्या गल्लीचे व्याही. आता मामा, घर सोडताना हीटर बंद करावा हे या लोकांना शाळेत कुणी शिकवलं? मीच. एकेक शेजारी आत येत होता आणि डोक्यावरचा दिवा उजळत होता. मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायची मेंढ्याची शिजलेली मुंडी मी कापायला बसलो होतो, पण मनात भागाकार चालू होता. २२० भागिले ११, वीस अँपिअर. वीस गुणिले २२०, चार हजार चारशे वॅट! या नादात मुंडी बाजूलाच राहिली आणि मी मेंढ्याचा कान व्याह्यांच्या हातावर ठेवला. कान आपण कुणाला देतो ते तुम्हाला सांगायला नको. मोठ्यांचं ऐकायला शीक म्हणून पोराटोरांना.

व्याही कानाकडे बघताहेत, मी व्याह्यांकडे बघतोय, कॉइल पांढरीफटक पडलीय, आणि तेवढ्यात पडद्याआडून बुरुल ओरडली, "बाबा, चार हजार चारशे झाले! प्लग काढा!" मी काही हललो नाही, हे कबूल करतो. तीच धावत आली आणि डोक्यावरच्या रुमालाने नाही, चक्क माझ्या टोपीने प्लग ओढून काढला.

मला वाटलं, मोडलं लग्न. लेकीकडे बघायची माझी छाती होईना. तेव्हा तुर्सुनायबाईंनी कोट काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "बोलते की पोरगी! मला वाटलं, घर पेटलं तरी या घरात कुणी तोंड उघडायचं नाही." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही तो कान खा मुकाट्याने. तीस वर्षांत माझं एक ऐकलं असेल तर शपथ." एवढं बोलून त्यांनी बुरुलला जवळ बसवलं आणि कर्णफुलं घातली. मी रडलो, मामा. लोकांना मी घाम म्हणून सांगितलंय.

थोडक्यात, गणित माझं बरोबरच होतं, त्यात शेजारी तेवढे धरायचे राहिले. मामींना सलाम.

तुमचा
जुमाकादिर

ता.क. जाताना व्याह्यांनी हीटरचं तोंड भरून कौतुक केलं. त्यांच्या गावातही व्होल्टेजची तीच रड. पाहुण्याने वाखाणलेली वस्तू घरात ठेवायची आपल्यात रीत नाही, म्हणून देऊन टाकला.

ता.क. दुसरा. लग्न त्यांच्या घरी आहे. सारं गाव येणार, म्हणजे सारं गाव आपापले हीटर बंद करून येणार. दिलेल्या भेटीत खोट आहे हे मुलीच्या बापाने कोणत्या तोंडाने सांगावं? तुम्ही वडीलधारे, तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. आधी जाऊन तेवढं सांगाल का? पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. गुडघ्यांची चौकशीही मनापासूनच होती.

ता.क. तिसरा. बुरुलने आत्ता हे वाचलं. ती म्हणते, विहीणबाईंना तिने फोनवर सगळं कधीच सांगितलंय, हीटर त्यांनी अडगळीत टाकलाय, आणि तेव्हापासून दर फोनला विचारतात, "काय गं, बाबा स्वतः सांगणार आहेत की नाही?" तेव्हा मामा, तुम्ही सांगू नका, मीच सांगतो. तुम्ही नुसते सोबत चला. मला एकट्याला त्या बाईंची फार भीती वाटते.