साडेसहाचे कुलूप

मी, कुशाबाई भगवंत हिंगे, वय वर्षे पासष्ट, निवृत्त वसतिगृह अधीक्षिका, मूळ गाव अवसरी बुद्रुक, हल्ली राहणार शिनोली, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. अंगात साखर आहे आणि गुडघे धरतात, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहूनही घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला मूलबाळ नाही. यजमान भगवंत १९६८ साली वारले.

कलम एक. अवसरी बुद्रुक येथील शेतजमिनीत यजमानांच्या मागे माझ्या नावावर आलेला हिस्सा मी माझे दीर सोपान यांची नात स्नेहल हिला देत आहे. ती सध्या कॉलेजसाठी माझ्याजवळ राहते. या हिश्श्यात खुद्द सोपान यांना काही मिळू नये. कारण लिहून ठेवते. १९७० साली शिक्षिकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला मी मंचरला गेले होते. परतीची गाडी चुकली आणि घरी पोचायला साडेसात झाले. सोपानभाऊंनी आतून कडी घातली होती. "दिवा लागल्यावर आलेल्या बाईला या घरात जागा न्हाई," असे ते दाराआडून म्हणाले. मी शेजारच्या गोठ्यात निजले. त्यांना मी मनातून माफ केले आहे. जमीन मात्र स्नेहलचीच.

कलम दोन. शिनोली येथील माझे दोन खोल्यांचे स्लॅबचे घर, परसू आणि विहिरीतील पाण्याच्या हक्कासह, मी आरती रामदास साबळे, मूळ राहणार घाटघर, तालुका जुन्नर, हिला कायमचे देत आहे. हे घर मी पगारातून बांधले आहे, त्यावर सासर-माहेरच्या कोणाचा हक्क नाही. ही परकी मुलगी कोण, असे लोक विचारतील, म्हणून घडले तसे सांगते.

मी येथील मुलींच्या वसतिगृहात अठरा वर्षे अधीक्षिका होते. डोंगरातल्या बेचाळीस मुली माझ्याकडे होत्या. संध्याकाळी साडेसहाला दाराला कुलूप, मग हजेरी. रस्त्याकडच्या खिडक्या बंद. गच्चीवर जायचे नाही. तीनदा उशीर झाला की पालकांना बोलावून नाव कमी. मुली माझ्या मागे मला साडेसहाबाई म्हणत, हे मला ठाऊक होते आणि त्याचा अभिमानही होता. जी कडी माझ्यावर घातली गेली तीच मी बेचाळीस जणींवर घालते आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

१९९७ च्या मार्च महिन्यात आकाशात धूमकेतू दिसू लागला. आमची स्वयंपाकीण चिमाबाई म्हणाली, "बाई, शेंडेनक्षत्र हाय. पोरींच्या जातीला वंगाळ." दोन पालकही तेच सांगून गेले. मी आणखी एक नियम केला. तो जाईपर्यंत कोणीही संध्याकाळी मागच्या अंगणात भांडी घासायला जायचे नाही, आकाशाकडे पाहायचे नाही. मी स्वतःही पाहिले नाही. पाहावेसे वाटलेच नाही, हे आज लिहिताना मला नवल वाटते.

आरती तेव्हा नववीत होती. शांत मुलगी. नियम झाल्यावर ती लागोपाठ दोन संध्याकाळी हजेरीला नव्हती. तासाभराने आली, पायाला माती. कुठे होतीस, तर बोलेना. मी तिच्या वडिलांना ताकिदीचे कार्ड टाकले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती तिसऱ्यांदा नव्हती. दार चिमाबाईच्या ताब्यात देऊन मी छडी आणि बॅटरी घेऊन निघाले.

वसतिगृहामागे माळावर एक मोठा खडक आहे. ती त्यावर माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी छडी उचलली. ती वळली, उठली नाही.

"बाई, आधी तुमी बघा," ती म्हणाली. "मग मारा."

मी वर पाहिले.

डिंभ्याच्या बाजूच्या डोंगरावर, अजून थोडा उजेड असलेल्या आभाळात, तो होता. मला वाटले होते काहीतरी भयंकर असेल. तो शांत होता. पुढे पिवळसर ठिपका आणि त्यामागे वर पसरत गेलेला उजेड, जणू कोणी ओल्या पाटीवरून पिठाचा हात ओढला. आवाज नाही, हालचाल नाही. जसजसा अंधार झाला तसतसे ते शेपूट वाढत गेले, आणि त्याच्या शेजारी दुसरे, निळसर, इतके विरळ की एकटक पाहिले तर नाहीसे व्हावे. माझी छप्पन्न वर्षे गेली होती. रोज संध्याकाळी मी दाराला कुलूप लावत होते, आणि वर हे एवढे होते. मी तिच्याशेजारी खडकावर बसले.

तिने भूगोलाची वही पुढे केली. मागच्या पानांवर अकरा चित्रे होती, तारखा घालून. प्रत्येकात खाली तीच डोंगराची रेघ.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. भांडी घासताना दिसला. रोज जरा डावीकडं सरकतोय. अन् शेपूट बघा बाई, सूर्य बुडतो त्याच्या कायम उलट्या बाजूला. एकदाबी सूर्याकडं वळलं न्हाई. का ते मला कळंना."

मलाही कळेना. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना विचारले, तर त्यांनाही पुस्तक उघडावे लागले. पुस्तकात तसेच होते. ज्या मुलीचे नाव मी कमी करायला निघाले होते, तिने ते खडकावर बसून नुसत्या डोळ्यांनी शोधले होते. त्या दिवशी मला धूमकेतूपेक्षा त्या मुलीची जास्त धास्ती वाटली. देवळात वाटते तशी.

त्याच दुपारी तिचे वडील रामदास दोन एसटी बदलून आले. कार्ड त्यांच्या खिशात होते.

"संध्याकाळची पोरगी भायेर राहती म्हणल्यावं आता घरीच नेतो, बाई. पावणं बघून ठेवल्यात."

मी म्हणाले, "न्या. पण संध्याकाळपर्यंत थांबा."

सातला मी कुलूप काढले आणि बेचाळीसही मुलींना रांगेने माळावर नेले. चिमाबाई डोक्यावर पदर घेऊन सगळ्यात मागे आली, आणि पदर कधी खाली पडला ते तिला कळले नाही. मी रामदासभाऊंना वर बोट दाखवले. ते हसले.

"ह्यो? घाटघरला आमी रोज बघतोय की. तिथं लई मोठा दिसतो."

मग आरतीने वही दिली. त्यांनी ती बॅटरीच्या उजेडात एकेक पान उलटून पाहिली. परत पहिल्यापासून पाहिली. मग टोपी काढून हातात घेतली.

"रोज बघतोय," ते हळू म्हणाले, "पण सरकतोय हे मला न्हाई दिसलं."

ते मुक्कामाला गावात थांबले आणि सकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. पाहुण्यांना काय सांगितले ते मी विचारले नाही.

मुलींना अंधारात बाहेर नेल्याबद्दल संस्थेने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी एकच ओळ लिहिली, की नियम चुकीचा होता आणि तो मी केला होता. सेवापुस्तकात ताशेरा पडला. त्या खुलाशाची नक्कल आरतीने वाटल्यास ठेवावी. आज ती जुन्नर तालुक्यात एका शाळेत विज्ञान शिकवते.

कलम तीन. गॅसची शेगडी, सगळी भांडी आणि पोस्टातील ठेव चिमाबाईला द्यावी. ती अजूनही शेंडेनक्षत्र वंगाळच म्हणते. म्हणो.

कलम चार. आरतीने माझ्या घरात डोंगरातल्या चार-सहा मुली शिकायला ठेवाव्यात, अशी इच्छा आहे, अट नाही. संध्याकाळी परतायची वेळ असावी. मी भाबडी नाही, अलीकडे उसात बिबट्या असतो आणि माणसेही सगळी सारखी नसतात. पण ती वेळ मुलींनी आणि आरतीने एकत्र बसून ठरवावी, आणि जिला बाहेर काही पाहायचे असेल तिच्याबरोबर मोठ्या माणसाने जावे. नुसते नाही म्हणू नये.

कलम पाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आरती हिने करावी. स्नेहलच्या लग्नाची घाई सोपानभाऊंनी करू नये, हे कायद्यात बसत नसले तरी लिहून ठेवते.

साखरेमुळे माझी नजर अधू झाली आहे. जवळचे मोठे अक्षर दिसते, तारे दिसत नाहीत. संध्याकाळी स्नेहल मला अंगणात खुर्ची टाकून देते आणि वर काय काय आहे ते सांगते. परवा तिने बराच वेळ सांगितले, एकेक तारा दाखवून. मग तोंडावर पावसाचा थेंब पडला. म्हणजे आभाळ भरलेले होते. तिला म्हणाले, पुढे सांग.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, आणि माझ्यासमोर त्यांनी.

ठिकाण : शिनोली
दिनांक : १९ नोव्हेंबर २००६

(सही) कुशाबाई भगवंत हिंगे

साक्षीदार :
१. (सही) गेणभाऊ कुंडलिक बोऱ्हाडे, निवृत्त पोस्टमन, शिनोली
२. (डाव्या हाताचा अंगठा) बयाबाई भिका बोऱ्हाडे, शेजारीण, शिनोली