धनेशाची मादी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
हस्तकला विक्री शेड कार्यालय,
क्याथुमा बाजार, मोम्बासा हमरस्ता.

विषय : नमुना म्हणून घेतलेले लाकडी चमचे, विशेषतः न रंगवलेली धनेशाची मादी, परत मिळणेबाबत, तसेच शेडमधील जागा रद्द केल्याच्या नोटिशीबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.
२) आपली नोटीस, जी मात्र वेळेवर आली.

महोदय,

अर्जदार श्रीमती कालोंडू न्झाऊ, विधवा, व्यवसाय जनावरांच्या मुंडक्यांचे चमचे कोरणे व रंगवणे, सविनय कळवते की, पती न्झाऊ हयात असताना ते कोरत आणि अर्जदार रंगवत असे. ते गेल्यावर लाकूड तासायची वाकस अर्जदाराने हाती घेतली. बाईने वाकस धरली म्हणून बाजार हसला, नंतर गप्प बसला. आपल्या कार्यालयाने मात्र आता सुरुवात केली आहे.

आमच्याकडे चमचा एकटा नसतो. लाकडाचा एक तुकडा उभा चिरायचा, एका फाळीचा नर करायचा, दुसरीची मादी. झेब्र्याचा पट्टा नराच्या मानेवर सुरू होतो आणि शेजारी ठेवलेल्या मादीच्या मानेवर संपतो. म्हणून क्याथुमात 'एक चमचा द्या' म्हटले की जोडी देतात. एक हरवला आणि दुसऱ्या लाकडाचा करून लावला, तर त्याला आम्ही सवत म्हणतो. सवत विकायला ठेवत नाहीत. ती घरी मक्याच्या पिठाची उगाली घोटायला जाते.

जागेच्या नूतनीकरणासाठी आपले सहायक श्री. मुल्वा यांनी प्रत्येक जनावराचा एक नमुना मागितला. अर्जदाराने रीतीप्रमाणे प्रत्येकाची जोडी नेली; तयार माल तेवढाच होता. श्री. मुल्वा म्हणाले, "आई, एक सांगितला होता, हे दोन-दोन आहेत." आणि त्यांनी प्रत्येक जोडीतला एक कपाटात टाकला व एक परत केला. अर्जदार म्हणाली, "साहेब, हा अर्धा आहे." त्यावर ते म्हणाले, "मला मोजता येतं हो."

मग आपण स्वतः पाहणीस आलात. अर्जदाराच्या मांडणीत एकटा जिराफ, एकटा झेब्रा, एकटा पाणघोडा पाहिलात आणि 'अपूर्ण माल विक्रीस ठेवल्याबद्दल' जागा रद्द केल्याची नोटीस दिलीत. अर्धा माल आपल्या कपाटात, आणि उरलेला अर्धा म्हणून शिक्षा अर्जदाराला. बाजारात याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. कार्यालयीन भाषेत काय म्हणतात ते कळवावे. गिऱ्हाईक चमचा उचलते, उलटसुलट करते, दुसरा शोधते आणि पुढे जाते. शेजारच्या मांडणीवरची म्बाथा काल म्हणाली, "कालोंडू, तुझ्याकडं सगळ्या तुझ्यासारख्याच बसल्यात की गं." अर्जदाराने तिच्याशी बोलणे सोडले आहे, पण ती खोटे बोलली नाही.

मागच्या खेपेला अर्जदार चौकशीस आली असता आपल्या टेबलावर तिचा जिराफ चहात साखर ढवळताना दिसला. झेब्रा खिडकीच्या फटीत कोंबलेला होता, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. जिराफाच्या मानेवरचे ठिपके निम्मे उतरले आहेत. ते ऑइलपेंटचे होते, हे आपल्या प्रकृतीच्या काळजीपोटी नमूद करत आहे. नमुना तपासण्याची हीच पद्धत असल्यास अहवाल मिळावा. श्री. मुल्वा यांचे म्हणणे पडले, "एवढं काय त्यात? तुम्हीच कोरता ना? मग दुसरे कोरा की. लाकडाला काय तोटा आहे?"

लाकडाला तोटा नाही, महोदय. न्झाऊंना आहे.

धनेश फक्त ते कोरत. इतकी लांब, वाकलेली चोच अर्जदाराला आजही साधत नाही. वाकस लागते आणि चोच तुटते. शेवटची जोडी त्यांनी खोकत खोकत अंथरुणावर बसून कोरली. अर्जदाराने नर रंगवला. ते म्हणाले, "चोचीला पिवळा जास्त झालाय, कालोंडू. मादीला आत्ता हात लावू नकोस. हा वाळल्यावर कसा दिसतो ते बघू, मग सांगतो." नर वाळला. त्यांनी तो पाहिला नाही. मादी तशीच कोरी राहिली आणि अर्जदाराला तिला ब्रश लावणे झाले नाही. ती विकायची नव्हतीच. नमुन्यात नसलेले जनावर पुढे विकता येणार नाही असे श्री. मुल्वा यांनी सांगितले, आणि न्झाऊंचा पक्षी क्याथुमातून जाऊ नये म्हणून ती जोडी अर्जदाराने स्वतःच्या हाताने आपल्या टेबलावर ठेवली. नर परत आला, मादी कपाटात गेली. त्याचा राग कोणावर काढावा हे अर्जदाराला ठाऊक आहे, आणि त्यात आपण एकटे नाही.

अंडी घालताना धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून दाणे देतो, हे आमची पोरेही सांगतील. पण ती आपल्या मर्जीने आत जाते आणि वेळ झाली की भिंत फोडून बाहेर येते. मादीला कोंडून किल्ली खिशात घालणारा धनेश अर्जदाराने पाहिलेला नाही.

सबब विनंती की, जिराफ ठेवा, झेब्रा ठेवा, साखर ढवळा. जागेसाठी अर्जदार वेगळा अर्ज करेल आणि वेगळी भांडेल. मादी तेवढी द्यावी. कार्यालयाची वस्तू बाहेर नेता येत नाही असा नियम निघाल्यास हरकत नाही. उद्या बाजाराच्या दिवशी अर्जदार रंगाचे डबे घेऊन आपल्या पायरीवर बसेल आणि तिला तिथेच रंगवेल. चोचीला पिवळा कमी लावायचा आहे. तो वाळेपर्यंत तिला कोणी हात लावू नये, एवढा आदेश आपल्या सहीने व्हावा.

आजवर नम्र राहिलेली,
कालोंडू न्झाऊ
क्याथुमा, बाजाराचा आदला दिवस

सोबत : काही नाही. मागे सोबत दिलेले परत आलेले नाही.