राजाचं नाक

२ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. विजेच्या बिलांच्या फाइलीत ठेवणार. त्या फाइलीला घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

नऊ नाणी झाली. सगळी चांदीची, जुनी, स्वस्त आणि झिजलेली. जुनं सामान विकणारा म्हातारा म्हणतो, गिऱ्हाईक कोरी करकरीत मागतं, तुम्हीच असली नेता. मी मनात हसलो. खरी फसवाफसवी कोऱ्या नाण्यांत असते. झिजलेलं नाणं कोण कशाला नकली करेल? शिवाय हातात कसं मऊ लागतं. शे-दीडशे वर्षं लोकांनी खिशातून, मुठीतून फिरवलेलं. माणसांवर माझा विश्वास नाही, पण इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूवर बसतो. का, ते माहीत नाही.

२ जून, संध्याकाळ
बायको म्हणाली, ही काय बटणं गोळा करताय? मग त्यातलं एक उचलून उजेडात धरलं. म्हणाली, या राजाचं नाक अगदी बाबांसारखं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा एकुलता एक फोटो, त्यातही नेमका कुणाचा तरी हात तोंडासमोर आलाय. हिचे डोळे भरले. मी म्हटलं, तीस तारखेला, तुझ्या वाढदिवसाला, हे तुझं. बोलून गेलो खरा.

५ जून
संकल्प. एक, रोज सकाळ-संध्याकाळ टूथपावडर आणि जुना ब्रश घेऊन नाणी स्वच्छ करणे. राजाला दहा मिनिटं जास्त, कारण भेटवस्तू. दोन, रोज वजन. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणलाय. तीन, कुणावरही डोळे मिटून विश्वास न ठेवणे. तिसरा जुनाच आहे.

११ जून
मेहुणा आठ दिवस राहायला आलाय. लेथवर काम करतो, बॅगेत कानशी घेऊन फिरतो. आल्या आल्या विचारलं, भाऊजी, हल्ली चांदी काय म्हणते? सहज विचारलं म्हणे. सहज कुणी काही विचारत नसतं.

१४ जून
राजाचं वजन घटलं! चार वेळा काट्यावर टाकलं. कानही पुसट झालाय. पाणी कुठेतरी मुरतंय.

संध्याकाळी जरा जास्तच घासून ठेवलं. म्हणजे चोराचा ठसा उमटला तर लख्ख दिसेल.

१५ जून, सकाळ
सापळा. नाण्यांच्या डब्यावर, झाकणाच्या फटीवर आडवा, माझा एक केस चिकटवला. केस देणं मला परवडण्यासारखं नाही, पण इलाज नाही.

१५ जून, संध्याकाळ
डबा काढला, उघडला, नाणी तपासली, घासली. मग आठवलं, केस बघायचा होता. केस गायब! म्हणजे दिवसभरात कुणीतरी डबा उघडलाच.

१७ जून, सकाळ
मेहुणा आंघोळीला गेल्यावर त्याची बॅग पाहिली. चेन उघडीच होती, जवळजवळ. आत पितळेची कडी, बरोब्बर राजाच्या मापाची! सोबत कागदावर नाण्याची आकृती, मिलिमीटरसकट. माझ्या घरात, माझ्या नाण्याचं माप घेतलंय.

१७ जून, दुपार
जेवताना विषय काढला. शांतपणे. (ही म्हणते, ओरडून.) तो बहिणीकडे बघत राहिला, मग उठून बॅग भरली. दारात एवढंच म्हणाला, भाऊजी, मला विचारलं असतं तर मीच बॅग उघडून दाखवली असती. निरपराध माणूस इतकं मोजकं बोलत नाही.

तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. हीसुद्धा सामील असेल का?

२४ जून
मेहुणा गेला तरी वजन घटतंच आहे. घरात आता दोनच माणसं. ही आणि मी. त्यातला मी नाही.

ब्रश बदलला. जुना फार मऊ पडला होता.

२९ जून
राजाला घेऊन म्हाताऱ्याकडे गेलो. म्हटलं, जाणकार माणूस आहे, चोराची पद्धत ओळखेल. त्याने नाणं उजेडात धरलं, भिंगातून पाहिलं, मग चक्क नाकाला लावलं. विचारलं, लवंगेची टूथपावडर का? म्हणाला, साहेब, नाणं घासायचं नसतं, धरायचं तेही कडेने. एवढ्या लोकांनी वापरून जे नाक शिल्लक ठेवलं होतं, ते तुम्ही महिन्याभरात उडवलंत.

दुसरं नाणं खपवायचा डाव असणार. किंवा भिंग खराब असेल.

घरी येऊन वजन केलं नाही.

३० जून
मेहुणा आला. मी बोलावलं नव्हतं. ती कडी त्याने हिच्या वाढदिवसासाठी केली होती. राजाला तीत बसवून बाबांच्या फोटोशेजारी टांगायचं, असा बेत. माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, त्याचाच जास्त त्रास झाला. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि चहा घेणार का विचारलं.

नाणं कडीत चपखल बसलं. हिने ते खिडकीपाशी नेलं, उलटलं, पुन्हा उलटलं. अंगठा फिरवून पाहिला. चिडली असती तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, अहो, बाबा कुठल्या बाजूला होते?

मी एक बाजू दाखवली. अंदाजाने.