इराचा माउथगार्ड

आखातातलं दुखान, गुरुवार संध्याकाळ

सगळं उकळून घ्यायच्या सवयीने आज इराचा माउथगार्डही उकळत्या पाण्यात टाकला. खेळताना दातांवर बसवायचं, तिच्या मापाचं ते प्लॅस्टिक पार वेडंवाकडं झालं.

लेकीला ऑस्ट्रेलियातून दोन बोलावणी आलीत. मेलबर्नच्या क्लबला ती त्यांच्या तिकडच्या फुटबॉलसाठी हवी, सिडनीच्या क्लबला रग्बीसाठी. महिनाभर तिचं काही ठरेना आणि मी आपली मनातून खूश. या घोळात दोन्ही हुकली, तर राहील इथंच, माझ्याजवळ. कसली आई मी?

घाबरत माउथगार्ड दाखवला. वाटलं, आता इंग्रजीत चिडणार. घरात मराठी फक्त ऐकते ती.

पण मला जवळ घेऊन चक्क मराठीत म्हणाली, "राहू दे गं आई. मेलबर्नला नवीन घेईन."